निरोप कुणाकुणाला पोचतो

“पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच ना हो, डॉक्टर?”

टेबलापलीकडच्या गृहस्थांच्या हातात मीच सही केलेला रिपोर्ट होता. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बायकोचा ब्लॉक आणि स्लाइडी दुसऱ्या मतासाठी परळला न्यायच्या, म्हणून घ्यायला आले होते. स्लाइडी फुटू नयेत म्हणून घरून कडीचा डबा आणलेला, आत धुतलेला रुमाल चौघडी करून घातलेला. ‘ईआर पॉझिटिव्ह’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं होतं. करोनाच्या दोन वर्षांनी ‘पॉझिटिव्ह’ची जी दशा केली ती केलीच; त्याआधी एचआयव्हीने केली होती. पण त्यांच्या शेजारच्या बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पॉझिटिव्ह आलंय ते बरं झालं, गोळ्यांचा उपयोग होईल. एकाच आळीत एकच शब्द दोन तोंडांनी बोलत होता.

मी म्हटलं, “चांगलंही नाही आणि वाईटही नाही.” त्यांचा चेहरा पाहून लगेच कळलं की असलं उत्तर घेऊन माणूस घरी जाऊ शकत नाही. उतारूकडे तिकीट आहे की नाही, एवढंच ज्याने जन्मभर पाहिलं, त्याला ‘आहे, पण त्यावर प्रवास होईलच असं नाही’ हे कसं पटावं? त्यांनी मान हलवली, डब्याची कडी लावली आणि ते गेले. त्यांना जे सांगायला हवं होतं ते मला नंतर सुचत गेलं.

आधी त्या डब्यात काय होतं ते. ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात, पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवतात आणि काचेवर अलगद उचलतात. हे काम करणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ बाई पापुद्रा उचलताना श्वास रोखतात. फुंकरीनेसुद्धा तो चुरगळतो. मग त्यावर असं प्रतिपिंड घालायचं, की जे फक्त इस्ट्रोजेनच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, रिपोर्टातल्या ‘ईआर’ला, जाऊन चिकटेल. चिकटलं तिथे शेवटी तपकिरी रंग उठतो, बाकीची केंद्रकं निळी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही केंद्रकं काताच्या रंगाची, काही चहाच्या पुसट डागासारखी, काही साफ निळी दिसतात. आम्ही मोजतो, टक्का काढतो, छटेला गुण देतो. कंडक्टरसाहेबांच्या बायकोच्या गाठीत तपकिरी पुष्कळ होतं. त्यात नवल काही नव्हतं. ती गाठ हाय-ग्रेड सिरस, अंडाशयाच्या कॅन्सरची सर्वांत जास्त आढळणारी आणि आडदांड जात. या जातीच्या बहुसंख्य गाठींत हा ग्राही सापडतोच.

हॉर्मोनला आपण संप्रेरक म्हणतो. अर्नेस्ट स्टार्लिंगने १९०५ साली लंडनमधल्या व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ हा शब्द आणला, तोही चेतवणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. म्हणजे मराठी शब्द चोख आहे. तरी मला तो कधी रुचला नाही. प्रेरणा देणारा म्हटलं की सगळं कर्तृत्व देणाऱ्याच्या पदरात पडतं. मला विचाराल तर योग्य शब्द ‘निरोप’ आहे. निरोपाच्या अंगात स्वतःचं बळ नसतं. कुणी ऐकून घेतला तर त्याचं काहीतरी होतं, नाहीतर तो वाऱ्यावर जातो. शिवाय आपल्या भाषेत निरोप येतो तसा घेतलाही जातो, आणि पाळी जाण्याच्या वयात अंडाशय जे करतो त्याला वेगळा शब्द शोधावा लागत नाही.

हा निरोप ऐकून घेणारं पेशीत कुणीतरी असतं, हे शिकागोच्या एल्वुड जेन्सनने दाखवलं. त्या काळची समजूत अशी, की इस्ट्रोजेन पेशीतल्या रासायनिक घडामोडीत स्वतः उतरतं, त्यात त्याचं रूप पालटतं आणि त्यातून गर्भाशय वाढतं. जेन्सनने इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली आणि उंदराच्या माद्यांना टोचलं. रक्तातून, स्नायूंतून ते आलं तसं निघून गेलं. गर्भाशयात मात्र ते रेंगाळलं, आणि रेंगाळूनही जसंच्या तसं राहिलं. म्हणजे तिथे त्याला कुणीतरी धरून ठेवलं होतं. १९५८ साली व्हिएन्नाच्या परिषदेत त्याने हे मांडलं तेव्हा समोर पाच माणसं होती आणि त्यांतले तिघे त्याच सत्रातले वक्ते होते, असं तो सांगत असे. निरोप आणि कान यांचं शास्त्र सुरू झालं ते असं, कुणी फारसं ऐकत नसताना.

त्याही आधी, १८९६ मध्ये, ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर उपाय म्हणून बायकांचे अंडाशय काढून पाहिले होते, आणि गाठी विरल्याचं त्याला दिसलं होतं. त्याला हे सुचलं गाईंवरून. व्यायल्यावर गाईचे अंडाशय काढले तर ती पुष्कळ काळ दूध देत राहते, हे काही देशांतल्या गोपालकांना ठाऊक होतं. जेन्सनच्या शोधाने बीटसनच्या सुरीचा अर्थ लागला: अंडाशयातून निघालेला निरोप स्तनात ऐकला जातो. मग टॅमॉक्सिफेन आलं, म्हणजे कानात बोळा. शेजारच्या बाईंची गोळी ती हीच असणार, किंवा तिची पुढची भावंडं.

मग जिथून निरोप निघतो त्या अंडाशयाच्याच कॅन्सरला ही गोळी का लागू पडू नये? देऊन पाहिली. दहातल्या एखादीची गाठ आकसली, बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. कान आहेत, पण गाठीचं जगणं त्यांवर अवलंबून नाही. घरातल्या वयात आलेल्या पोराला हाक ऐकू जाते, तो ओ देत नाही, तसं. याला अपवाद लो-ग्रेड सिरस ही सावकाश वाढणारी जात. ती केमोला फारशी दाद देत नाही, पण लेट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन तयारच होऊ न देणाऱ्या गोळीवर कित्येक बायकांची वर्षं निघतात. शिवाय २०१३ मध्ये बारा अभ्यासांतल्या २,९३३ बायकांच्या गाठी एकत्र तपासल्या, तेव्हा दिसलं की एंडोमेट्रिऑइड जातीत इस्ट्रोजेनचा किंवा प्रोजेस्टेरॉनचा ग्राही असेल तर बाई जास्त जगते. हाय-ग्रेड सिरसमध्ये मात्र प्रोजेस्टेरॉनचा ग्राही ठळक असेल तरच काही फरक दिसतो. माझं ‘चांगलंही नाही आणि वाईटही नाही’ आलं ते इथून.

नावाचाही घोळ आहे. या हाय-ग्रेड गाठींतल्या बऱ्याचशा अंडाशयात जन्मतच नाहीत. गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला त्यांची सुरुवात होते आणि तिथून पेशी अंडाशयावर सांडतात. बीआरसीए जनुकातला दोष घेऊन जन्मलेल्या बायकांनी खबरदारी म्हणून काढून घेतलेल्या नळ्या बारीक काप करून तपासल्या, तेव्हा या शतकाच्या सुरुवातीला हे उघड झालं. तोवर आम्ही नळीचा एखादा काप ब्लॉकमध्ये घालून मोकळे व्हायचो. शंभर वर्षं चोर एका घरचा आणि झडती शेजारच्या घराची.

कंडक्टरसाहेबांच्या बायकोचं दुखणं नेहमीच्याच वाटेने आलं होतं. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय. आधी गॅसच्या गोळ्या, मग अॅसिडिटीच्या, मग कुणीतरी एकादशीच्या साबुदाण्यावर ठपका ठेवला. चार महिन्यांनी साडीच्या निऱ्या बसेनात तेव्हा सोनोग्राफी झाली. भारतात वर्षाला ४५,०००हून जास्त बायकांना हा आजार होतो, आणि त्यांतल्या बहुतेकींची गोष्ट गॅसच्या गोळीपासूनच सुरू होते.

पोटातून पाच लिटर पाणी काढलं. ते पाणी आमच्याकडे येतं तेव्हा कॅन्सरच्या पेशी शोधायच्या, एवढंच आमचं काम असतं. पण त्यात प्रतिकारशक्तीचे पहारेकरीही असतात: महाभक्षी पेशी, टी पेशी, नाना तऱ्हेच्या. आतड्यावर चरबीचा जो पदर असतो, ओमेंटम, त्यावर तर पहारेकऱ्यांच्या चौक्याच असतात, दुधाळ ठिपक्यांसारख्या. वैदिक यज्ञात पशूची वपा काढून आहुती देत, ती वपा म्हणजे हाच पदर. गेल्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या एका सर्जनने त्याला पोटातला पोलीस म्हटलं, कारण कुठे सूज आली, छिद्र पडलं, की हा पदर तिथे जाऊन चिकटतो. आणि अंडाशयाचा कॅन्सर पसरतो तेव्हा पहिली वस्ती करतो ती या पोलिसाच्याच घरात. त्याच्याच चरबीवर पोसतो. कुंपणच शेत खातं, ते हे.

इथे मी पुन्हा त्या स्लाइडीकडे येतो. तपकिरी मोजण्याच्या नादात जे मी पाहूनही लिहिलं नाही ते असं: गाठीच्या पेशी बेटांसारख्या पुंजक्यांत होत्या आणि बेटांमध्ये तंतूंची दाट पट्टी होती. त्या पट्टीत बारीक, काळपट निळे, मोहरीच्या दाण्यांसारखे ठिपके गर्दीने उभे होते. ते लसिका पेशींचे, म्हणजे त्यांत टी पेशी आल्याच. वेशीपर्यंत आले होते, आत एक-दोनच.

हे आत-बाहेर किती महत्त्वाचं, ते २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. त्यांनी १८६ बायकांच्या गाठी तपासल्या. ज्यांच्या बेटांच्या आत टी पेशी शिरल्या होत्या, त्यांतल्या ३८ टक्के बायका पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या बेटांत एकही नव्हती, त्यांतल्या साडेचार टक्के. आजार तोच, टप्पाही पुढचाच. पुढे २०१७ मध्ये साडेपाच हजारांवर बायकांच्या गाठींत हेच पुन्हा दिसलं: सीडी-८ जातीच्या टी पेशी जितक्या जास्त, तितकं आयुष्य जास्त.

मग या पेशी वेशीवर का थांबतात? याचं सोपं उत्तर लढाईच्या भाषेत मिळतं, शत्रूने तट उभारला वगैरे. मला ती भाषा नकोशी झाली आहे. ‘कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी’ असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा गेलेल्या माणसावर नापासाचा शिक्का बसतो. आणि ती भाषा खोटीही आहे. पहारेकरी हरलेले नसतात. पुष्कळदा त्यांना थांबायला सांगितलेलं असतं. तसं सांगण्याची सोय शरीराने स्वतःच केलेली आहे.

पीटर मेदावरने १९५३ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा अंगावर लावला तर शरीर तो काही दिवसांत झिडकारतं. मग अर्धा बापाचा असलेला गर्भ आईचं शरीर नऊ महिने कसा सांभाळतं? उत्तर अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण त्यातला एक धागा हॉर्मोनांचा आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन यांचा पूर येतो आणि तो निरोप गर्भाशयाबरोबरच पहारेकऱ्यांनाही जातो, कारण टी पेशींना, महाभक्षी पेशींना, अस्थिमज्जेतल्या त्यांच्या पूर्वजांना हेच ग्राही असतात. निरोपाचा आशय असा: पाहुणा आहे, जपून. पहाऱ्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. त्या पेशी ओळखणाऱ्या शिमोन साकागुची यांना २०२५चं नोबेल आणखी दोघांबरोबर मिळालं. आणि याच नियामक पेशींना अंडाशयाची गाठ हाकारून जवळ बोलावते, हे २००४ मध्ये अमेरिकेत दिसून आलं होतं. पाहुण्यासाठी ठेवलेला पाट चोराने ओढून घेतला.

मात्र हॉर्मोन म्हणजे नेहमीच पहाऱ्याला झोप, असंही नाही. शरीर स्वतःवरच उलटतं असे आजार बायकांत कितीतरी जास्त. ल्युपस एका पुरुषामागे नऊ बायकांना. एकच निरोप किती, कधी, कुणाच्या कानी पडतो यावर सगळं अवलंबून.

आमच्या धंद्याला, म्हणजे रिपोर्टवाल्यांना, अस्वस्थ करणारा प्रयोग २०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधून आला. उंदरांत अशा गाठी वाढवल्या, की ज्यांच्या पेशी इस्ट्रोजेनला दादच देत नाहीत. मग त्या माद्यांचे अंडाशय काढले. गाठींची वाढ मंदावली. गाठ बहिरी, तरी निरोप बंद केल्यावर फरक पडला. कारण निरोप ऐकत होती अस्थिमज्जा, आणि तो ऐकून टी पेशींना दाबून धरणाऱ्या पेशी बाहेर पाठवत होती. ज्या उंदरांत टी पेशीच नव्हत्या, त्यांत हा फरक नाहीसा झाला. २००३च्या त्या बेटांच्या अभ्यासात असलेला एक संशोधकच या कामाच्याही मागे होता. चौदा वर्षं माणूस एका प्रश्नाभोवती फिरला, की टी पेशी आत आहेत की बाहेर, आणि बाहेर असतील तर कुणाच्या सांगण्यावरून.

हा उंदरांचा प्रयोग आहे, बाईचं शरीर वेगळं, हे मान्य. तरी त्यानंतर ‘ईआर निगेटिव्ह’ लिहिताना माझा हात जरा अडतो. निगेटिव्ह म्हणजे त्या गाठीला कान नाहीत, इतकंच मी पाहिलेलं असतं. घरात बाकीच्यांनी काय ऐकलं, ते त्या तुकड्यात दिसत नाही. बाईची पाळी गेली म्हणून निरोप थांबला असंही नाही. चरबीत इस्ट्रोजेन तयार होतच राहतं.

निरोप्यांत आणखी एक आहे, आणि त्याच्या गोष्टीतही गरोदर बायका आहेत. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंचला १९३०च्या दशकात दिसलं, की संधिवाताने आखडलेल्या बायका गरोदरपणात मोकळ्या चालू लागतात. शरीरच काहीतरी तयार करत असणार, या तर्कावर तो चालत राहिला आणि कॉर्टिसोनपाशी पोचला, १९५०चं नोबेल. त्याच कुळातलं कॉर्टिसॉल आपल्या अंगात रोज वाहतं, ताणाच्या दिवसांत जास्त. ते पहारेकऱ्यांना शांत करतं आणि त्याचबरोबर गाठीच्या पेशींना केमोच्या माऱ्यात तग धरायला मदत करतं. प्लॅटिनमची औषधं ज्यांना लागू पडेनाशी झाली होती अशा बायकांना केमोबरोबर कॉर्टिसॉलचा ग्राही अडवणारं रेलाकोरिलंट दिलं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्या चाचणीत मध्यम आयुर्मान साडेअकरा महिन्यांवरून सोळाच्या जवळ गेलं. साडेचार महिने. कुणाला ते थोडे वाटतील. एका बाईला तेवढ्यात मुलीचं बाळंतपण करता येतं. गंमत अशी, की पॅक्लिटॅक्सेलची सलाइन लावण्याआधी रिअॅक्शन येऊ नये म्हणून आपण वर्षानुवर्षं देत आलो ते स्टिरॉइड, म्हणजे त्याच ग्राहीला घातलेली हाक.

टी पेशींचा लगाम सैल करणाऱ्या ज्या औषधांनी इतर काही कॅन्सरांत चित्र पालटलं, त्यांनी इथे बरीच निराशा केली. क्योतोमध्ये २०१५च्या सुमारास वीस बायकांना निव्होलुमॅब दिलं, तिघींना गुण आला. त्यांतल्या दोघींची गाठ पार दिसेनाशी झाली. सतरा जणींना नाही. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या टी पेशींच्या उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तो रक्ताच्या कॅन्सरवर. रक्तात पेशीला शत्रू वाटेत भेटतो. घट्ट गाठीत आधी वेस ओलांडावी लागते.

पुढच्या आठवड्यात कंडक्टरसाहेब स्लाइडी परत द्यायला आले. परळच्या मतात आणि माझ्या मतात फरक नव्हता, केमो आमच्याच गावात सुरू करा म्हणाले होते. डबा तोच, रुमाल तोच, एकही काच फुटली नव्हती. मी त्यांना बसवलं, दोन माणसांच्या सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली आणि दुसऱ्या बाजूने बघायला सांगितलं. तपकिरी दाखवलं, मग पट्टीतले निळे ठिपके दाखवले. बराच वेळ त्यांनी डोळा हलवला नाही.

“हे आपलेच ना?”

“तुमच्या मंडळींचेच.”

“मग आत का जात नाहीत?”

मी त्यांना गाडीतलं उदाहरण दिलं, डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही तसं. त्यांना ते पटलं. “म्हणजे कुणीतरी बेल धरून ठेवलीये,” ते म्हणाले.

आमच्या छापील नमुन्यात या ठिपक्यांसाठी रकाना नाही. तेव्हापासून मी अशा प्रत्येक रिपोर्टखाली हाताने एक ओळ लिहितो: लसिका पेशी बेटांच्या आत, किंवा बाहेर. मध्यंतरी एका तरुण ऑन्कॉलॉजिस्टचा फोन आला, की सर, या ओळीचं मी नेमकं काय करू? मी त्याला सांगितलं, आज काही नाही, फाइलमध्ये राहू दे.